पन्नास किलोचा स्वार आणि खडीचा रस्ता: सायकलची फ्रेम कशी निवडायची

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला वळलं आणि डांबर सोडलं, की जांभ्याची लाल वाट सुरू होते. रहिमतपूर-कोरेगावकडं कालव्याच्या कडेनं मुरमाचा रस्ता आहे, माण-खटावात पाणंदी आहेत आणि त्यांच्यात बाभळीचे काटे. अशा वाटेवर तीच सायकल ऐंशी किलोचा माणूस चालवतो आणि म्हणतो, 'मस्त मऊ चालते.' पन्नास किलोची मुलगी तीच चालवते आणि तासाभरात तिचे तळहात बधिर होतात. दोघंही खरंच बोलतात.

कारण साधं आहे. सायकलच्या सुरक्षिततेचं आयएसओ ४२१० हे मानक फ्रेमची परीक्षा घेतं, तेव्हा पॅडलवर १००० ते १२०० न्यूटनचा जोर एक लाख वेळा दिला जातो. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोचा माणूस एका पॅडलवर उभा राहिल्यासारखं. स्वार कोण आहे, हे यंत्राला माहीत नसतं. पन्नास किलोच्या माणसाचं अख्खं वजन ४९० न्यूटन. कंपन्या एकच फ्रेम सगळ्यांना विकतात, त्यामुळे ती सगळ्यात जड गिऱ्हाईक धरून बनवलेली असते. हलक्या स्वाराखाली ती लवत नाही आणि दगडाचा ठोका सरळ अंगात येतो.

हा लेख साधारण ४५ ते ६० किलोच्या स्वारांसाठी आहे. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमानं जा. बहुतेक लोक रंग आणि फ्रेमचं वजन आधी बघतात, टायर शेवटी. इथं क्रम उलटा आहे.

आधी जवळ काय हवं

मोजपट्टी, वजनकाटा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, व्हर्नियर कॅलिपर (हार्डवेअरच्या दुकानात साधा मिळतो, तेवढा पुरे), मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप, लांब सुतळी आणि ६० पीएसआयपर्यंतचाच डिजिटल हवामापक. पंपावरचा मोठा काटा ३० पीएसआयच्या खाली भरवशाचा नसतो आणि तुमचं सगळं काम त्याच्याच खाली आहे.

१. स्वतःची चार मापं लिहून काढा

वजन घ्या: नेहमीचे कपडे, बूट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि हत्यारांची पिशवी यांच्यासकट. उंची लिहा. मग अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पुस्तक पायांच्या मध्ये खोगिरासारखं घट्ट वर ओढा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ही पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ नं गुणलं की बीबीच्या (फ्रेममध्ये क्रँकचा आस बसतो ती जागा) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७२ सेंटिमीटर असेल तर साधारण ६३.५. ही सुरुवात समजा, पुढं पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. चौथं माप खांद्यांच्या हाडांमधलं अंतर, हँडलच्या रुंदीसाठी.

हलकं आणि बुटकं एक नव्हे. १५४ सेंटिमीटर उंचीचा ५० किलोचा स्वार आणि १७८ सेंटिमीटरचा ५८ किलोचा स्वार, दोघांचं दुखणं वेगळं. छोट्या मापाच्या फ्रेममध्ये नळ्या आखूड होतात, पण बहुतेक कंपन्या त्यांचा व्यास तोच ठेवतात, म्हणून सगळ्यात ताठ फ्रेम नेमकी सगळ्यात हलक्या माणसाच्या वाट्याला येते. उंच-सडपातळ स्वाराला लांब नळ्यांमुळं थोडी लवचीकता आपोआप मिळते, पण त्याच्यापुढं दुसरा प्रश्न उभा राहतो. तो नवव्या पायरीत.

२. टायर ठरवा, मग फ्रेम

हिरा-आकाराची फ्रेम उभ्या दिशेनं मिलिमीटरच्या अंशातच दबते, मग ती कसलीही असो. ४० मिलिमीटरचा टायर सहा-सात मिलिमीटर सहज दबतो. त्यामुळे 'मऊ फ्रेम' शोधण्याआधी रुंद टायर मावणारी फ्रेम शोधा. कमीत कमी ४२ मिलिमीटर, जमल्यास ४७.

आपल्याकडं यात काळ्या मातीची भर आहे. कृष्णाकाठची काळी माती पहिल्या पावसानंतर टायरला चिकटते, चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळ्या) मागं साचते आणि चाक जाम करते. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर जागा ही कोरड्या मुरमासाठी. जून ते सप्टेंबर शेतातल्या पाणंदीवर जाणार असाल तर दहा हवी. कंपनीनं लिहिलेलं 'कमाल टायर' वाचून थांबू नका; चेनस्टेमधली मोकळी जागा व्हर्नियरनं स्वतः मोजा. रुंद रिमवर ४० चा टायर ४२ भरतो.

टायर निवडताना हलक्या माणसाची नेहमीची फसगत अशी: काट्यांची भीती म्हणून जाड, तारेच्या कडेचा, पंक्चर न होणारा टायर घेतला जातो. त्याची भिंत इतकी कडक असते की पन्नास किलोखाली हवा कमी केली तरी तो वाकत नाही. त्यापेक्षा ६० ते १२० टीपीआयचा (इंचामागं धाग्यांची संख्या) मऊ भिंतीचा टायर ट्यूबलेस करून घ्या आणि प्रत्येकात ६० मिलिलिटर सीलंट घाला. बाभळीचा काटा सीलंट बुजवतो. एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासा.

हवा किती? ५० ते ५२ किलोचा स्वार आणि ४० मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर पुढं २४ ते २६ आणि मागं २६ ते २८ पीएसआयपासून सुरू करा. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटते. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल आकडा म्हणजे हवा भरायची सूचना नव्हे. दुकानात मात्र अनेकदा तेवढीच भरून देतात.

तपासायची रीत: भिंतीजवळ सायकल उभी करा, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, मग कुणाला तरी आधार द्यायला सांगून बसा आणि पुन्हा मोजा. टायरच्या उंचीच्या १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० च्या टायरला सहा मिलिमीटर, दबायला हवा. तीनच दबला तर हवा जास्त आहे.

३. माप: स्टॅक, रीच आणि बुटाचं टोक

फ्रेमवरचं 'एस', 'एक्सएस' विसरा. एका कंपनीचं एस दुसरीचं एम असतं. दोन आकडे मागा: बीबीच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालची आखूड नळी) माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. १५४ ते १५८ सेंटिमीटरच्या स्वाराला ड्रॉप हँडलच्या सायकलीत रीच ३५५ ते ३७० आणि स्टॅक ५१० ते ५३५ मिलिमीटरच्या आसपास बसतो. आकडे मिळत नसतील तर सायकल भिंतीला लावून सुतळीच्या ओळंब्यानं दोन मिनिटांत मोजता येतात.

बुटक्या स्वारासाठी खरी अडचण पुढच्या चाकाची. फ्रेम आखूड आणि चाक ७०० चं असलं की वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. गोट्यांच्या चढावर, चालण्याच्या वेगात हँडल जास्त फिरवावं लागतं, तिथंच माणूस पडतो. हिशेब असा: चाकाची त्रिज्या, क्रँकची लांबी आणि पॅडलच्या आसापासून बुटाच्या टोकापर्यंतचं अंतर यांची बेरीज करा. ७०० बाय ४० साठी ३४९ + १६५ + ९० = ६०४ मिलिमीटर. बीबीपासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर याच्या बरंच खाली असेल तर बूट लागणार. ६५०बी (७०० पेक्षा लहान मापाचं) चाक आणि ४७ चा टायर घेतला तर त्रिज्या साधारण ३३७ होते, म्हणजे १२ मिलिमीटर सुटतात आणि टायरही रुंद मिळतो. १६० सेंटिमीटरच्या आतल्या स्वारानं ६५०बीची फ्रेमच आधी बघावी, असं माझं मत आहे. या चाकाचे टायर साताऱ्यात पटकन मिळत नाहीत, हा तोटा खरा. एक जादा घरात ठेवावा.

टॉपट्यूबवरून (फ्रेमची वरची आडवी नळी) दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर खाली पाच सेंटिमीटर जागा राहायला हवी. मुरमात पाय घसरतो तेव्हा हीच उपयोगी येते.

४. नळ्या: हलक्या स्वाराची फ्रेम इथं ठरते

पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनानं वाढतो आणि भिंतीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात. म्हणून व्यासातले तीन मिलिमीटर जाडीतल्या फरकावर मात करतात. जाडी तीच ठेवून नळी २८.६ वरून ३१.८ मिलिमीटर केली की ताठपणा जवळजवळ ४० टक्के वाढतो. फ्रेमवर 'अल्ट्रा लाइट' असं लिहिलेलं असतं, व्यास लिहिलेला नसतो. व्हर्नियर त्यासाठीच आणला.

स्टीलच्या फ्रेममध्ये दोन प्रचलित मापं भेटतात:

- जुनं मानक: टॉपट्यूब २५.४, डाउनट्यूब (हेडट्यूबपासून बीबीकडं उतरणारी नळी) २८.६ मिलिमीटर.
- ओव्हरसाइज: टॉपट्यूब २८.६, डाउनट्यूब ३१.८ मिलिमीटर.

त्याहून जाड, म्हणजे डाउनट्यूब ३५ किंवा ३८, हे जड स्वार, सामानाची लांब सफर किंवा पहाडी सायकल यांच्यासाठी. पन्नास किलोच्या स्वाराला रिकाम्या सायकलीवर मुरमात फिरायचं असेल तर जुनं मानक माप पुरतं. पंचावन्न-साठ किलो, उंची १७० च्या वर, किंवा मागं कॅरिअर लावून सामान न्यायचं असेल तर ओव्हरसाइज घ्या.

आता जाडी. 'डबल बटेड' म्हणजे नळीची दोन टोकं जाड आणि मधला भाग पातळ. ०.८/०.५/०.८ असं लिहिलेलं असतं, आकडे मिलिमीटरचे. जोड टोकांना असतात, ताणही तिथंच जास्त, म्हणून मध्ये पातळ केलं तरी चालतं. हलक्या स्वाराच्या डाउनट्यूबला ०.८/०.५/०.८ हे माप उत्तम. ०.९/०.६/०.९ चाललं तरी लवचीकता कमी होते. ०.७/०.४/०.७ घेऊ नका. ती नळी तुमचं वजन सहज पेलते, पण ०.४ ची भिंत जांभ्याच्या टोकावर सायकल आडवी झाली की पिचते. टेम्पोत दुसऱ्या सायकलीचं हँडल टेकलं तरी पिचते.

बटेड आहे की नाही हे लेबलाशिवाय ओळखायचं तर डाउनट्यूबवर नखानं टिचक्या मारत वरपासून खालपर्यंत या. जाड टोकाकडून पातळ मध्याकडे येताना आवाज बदलतो. सगळीकडं एकसारखा 'टक टक' आला तर नळी सरळ जाडीची आहे.

स्टीलच्या नावांचा घोळ: 'हाय-टेन' म्हणजे साधं स्टील. त्याची ताकद कमी, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते, आणि फ्रेम जड व ताठ दोन्ही होते. 'क्रोमोली' किंवा ४१३० हे किमान. रेनॉल्ड्स ५२० हा त्याच वर्गातला. रेनॉल्ड्स ७२५, ८५३ किंवा कोलंबसच्या वरच्या श्रेणी अधिक मजबूत असतात, म्हणून भिंत आणखी पातळ करता येते. पण स्टील कोणतंही असो, त्याचा लवचीकपणाचा गुणांक तोच, साधारण २०० गिगापास्कल. महाग स्टील आपोआप लवचीक होत नाही. पातळ नळी काढता येते म्हणून होतं. 'फक्त डाउनट्यूब क्रोमोली, बाकी हाय-टेन' अशाही फ्रेम विकल्या जातात. तिन्ही मुख्य नळ्यांबद्दल विचारा, चेनस्टे आणि सीटस्टेबद्दलही (सीटखालून मागच्या आसाकडं उतरणाऱ्या नळ्या).

ॲल्युमिनिअमचा गुणांक सुमारे ७०, म्हणजे स्टीलच्या तिसरा हिस्सा. पण ते वारंवारच्या ताणानं थकतं, त्याला स्टीलसारखी सुरक्षित मर्यादा नाही, म्हणून कारखाने त्याला लवूच देत नाहीत आणि नळ्या फुगवतात. बाजारातली बहुतेक ॲल्युमिनिअम ग्रॅव्हल फ्रेम हलक्या स्वाराखाली अशानंच ताठ लागते. तिला नाकारायचं कारण नाही, बजेट तेवढंच असेल तर ४५ चा टायर आणि बारीक सीटपोस्ट यांनी बरंचसं भरून निघतं. कार्बन थरांनी घडतो, त्यामुळे त्यात उभी लवचीकता आणि आडवा ताठपणा वेगवेगळा साधता येतो, पण सुट्या जांभ्याचे दगड पुढच्या चाकानं उडून डाउनट्यूबच्या पोटाला बसतात. घ्यायचाच तर पोटावर रबरी पट्टी चिकटवा.

चेनस्टे ४२० ते ४३५ मिलिमीटर. त्याहून आखूड असली की मागचं चाक सीटच्या खाली येतं आणि तेवढं मागं सरकलेलं वजन हलक्या स्वाराच्या चढावर अंगाशी येतं: बसून जोर लावला की पुढचं चाक उचलतं.

५. पुढचा चिमटा

हाताला येणारा त्रास बहुतेक चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) असतो, आणि लोक फ्रेमला नावं ठेवतात. डिस्क ब्रेकचा सगळा जोर डाव्या पात्यावर खालच्या टोकाला येतो, म्हणून डिस्कचा स्टील चिमटा जाड करावाच लागतो. रिम ब्रेक किंवा कँटिलिव्हर ब्रेकचा चिमटा खाली निमुळता आणि पुढं वळलेला करता येतो. तो दिसायलाही देखणा आणि खडीवर खरोखर लवतो. पण कासच्या उतारावर, चिखलात, लहान हाताच्या बोटांना डिस्कचा लिव्हर हलका लागतो. माझा कौल: घाट असेल तर डिस्क, पण चिमटा कार्बनचा, वजन ४०० ते ५०० ग्रॅमचा. निव्वळ मैदानी मुरूम, कालव्याचे रस्ते असतील तर कँटिलिव्हरचा निमुळता स्टील चिमटा.

ट्रेल, म्हणजे हँडलच्या आसाची रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, साठ ते सत्तर मिलिमीटरमध्ये ठेवा. ७१ अंशांचा हेड-अँगल आणि ५० मिलिमीटरचा चिमट्याचा वाक धरला, तर ७०० बाय ४० वर तो सुमारे ६७ येतो आणि ६५०बी बाय ४७ वर ६३.

६. सीटपोस्ट, क्रँक, हँडल, गिअर

सीटट्यूब २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट घेणारी हवी. ३१.६ चा पोस्ट त्याच जाडीत दीडपट ताठ असतो. टॉपट्यूब तिरकी उतरलेली असेल आणि पोस्ट बाहेर जास्त दिसत असेल तर उत्तमच, कारण पोस्टचा वाक लांबीबरोबर वाढतो. मोठ्या मापाच्या सीटट्यूबला २७.२ ची शिम (मध्ये बसणारी पातळ नळी) लावता येते.

क्रँक १६५ मिलिमीटर. हँडल खांद्यांइतकं, ३८ ते ४० सेंटिमीटर. पुढं ३० दात, मागं ३४: यवतेश्वर बसल्या बसल्या निघतो. बीबी ६८ मिलिमीटरचं आट्यांचं असू द्या. दाबून बसवायचे प्रकार पावसानंतर कुरकुर करतात आणि ते काढायचं हत्यार गावात नसतं.

७. फ्रेमच्या वजनासाठी किती पैसे?

साताऱ्यापासून कास साधारण पंचवीस किलोमीटर. शहर ७४० मीटरच्या आसपास, पठार १२०० च्या. ५० किलोचा स्वार, ११ किलोची सायकल, पाणी-हत्यारं २ किलो, एकूण ६३. दोन किलोची स्टील फ्रेम सोडून १.४ किलोची घेतली, तर ६०० ग्रॅम वाचले, म्हणजे एक टक्का. तासाभराच्या चढात अर्धा मिनिट. हलक्या माणसाला सायकलचं वजन जास्त जाणवतं हे खरं, पण या अर्ध्या मिनिटासाठी तीस-चाळीस हजार घालण्याआधी तेच पैसे हलक्या चाकांवर आणि चांगल्या टायरवर घालावेत. रिम मात्र खोल नको. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथल्या आडव्या वाऱ्यात खोल रिम आणि पन्नास किलो यांची जोडी रस्ता सोडते.

८. दुकानात किंवा जुनी घेताना

जुनी स्टील फ्रेम हलक्या स्वारासाठी अनेकदा नव्यापेक्षा चांगला सौदा ठरते. तपासा:

- हेडट्यूबच्या मागं, डाउनट्यूबच्या पोटाखाली रंगाला आडव्या सुरकुत्या. तिथं फ्रेम समोरून आदळलेली असते. असं दिसलं तर परत फिरा.
- हेडट्यूबपासून मागच्या डाव्या ड्रॉपआउटपर्यंत (चाकाचा आस बसतो ती खाच) सुतळी, तिथून सीटट्यूबभोवती न लावता उजवीकडून परत. सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं हवं. एक मिलिमीटर फरक चालतो, तीन नाही.
- सीटपोस्ट हलतो का. ॲल्युमिनिअमचा पोस्ट स्टीलमध्ये गंजून बसला तर काढताना फ्रेम जाते.
- बीबीच्या तळाला पाणी गळायचं भोक आहे का, आणि त्यातून तांबडी पावडर येते का.
- मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर: १३० म्हणजे जुनी रोड, १३५ किंवा १४२ म्हणजे डिस्कची चाकं सहज मिळतील.

कागद: जीएसटी बिल, त्यावर बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर, वॉरंटी कार्ड आणि नंबरचा फोटो. जुनी असेल तर मूळ बिल किंवा निदान विकणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी, फ्रेम नंबरासकट. नंबर घासलेला असेल तर भाव विचारू नका.

९. चालवून बघताना

दुकानासमोरच्या डांबरावर काही कळत नाही. टायरमध्ये दुसऱ्या पायरीतली हवा भरा आणि किमान दोन किलोमीटर मुरमावर न्या. दोन गोष्टी पाहा. बसून जोर लावताना सायकल पायाखाली किंचित लवते आणि परत येते का. अजिबात हालचाल नसेल तर नळी तुमच्यासाठी जाड आहे. दुसरं, सौम्य उतारावर ३० च्या वेगात हात सैल केल्यावर हँडल थरथरतं का. लांब, बारीक नळ्यांच्या फ्रेमवर उंच-सडपातळ स्वाराला, विशेषतः मागं सामान असताना, ही थरथर होते. लवचीकतेच्या मागं लागून अति केलं की हेच होतं. रस्त्यात सुरू झालीच तर हँडल आवळू नका. दोन्ही गुडघे टॉपट्यूबला दाबा आणि मागच्या ब्रेकनं हळूहळू वेग कमी करा. सामान न ठेवताही थरथरत असेल आणि हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) घट्ट असेल, तर ती फ्रेम सोडा.

१०. पहिल्या पावसाआधी

पातळ स्टील आतून गंजतं, बाहेरून रंग चकचकीत असतानाच. सीटपोस्ट आणि बीबी काढा, प्रत्येक नळीत दोन-तीन चमचे जवसाचं तेल सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि दोन दिवस उलटी टांगून ठेवा. तेल वाळून आत पातळ पापुद्रा धरतं. ज्या बोळ्यानं तेल पुसलं तो गोळा करून ठेवू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून टाका. पोस्टला ग्रीस लावून बसवा आणि बीबीखालचं भोक तारेनं मोकळं करा. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पोस्ट काढून फ्रेम उलटी धरा. किती पाणी निघतं, ते बघितलं की ही कटकट वाटत नाही.